वाचक विचारतात: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

मागच्या अंकात १९३८ च्या म्युनिक करारावर, म्हणजे युद्ध टाळायला ब्रिटन आणि फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला त्यावर, जेमतेम दीड पान लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हणून गेलो की ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी शांतता विकत घेतली खरी, पण पाकीट दुसऱ्याचं होतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की निम्मे वाचूनच दमलो. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघातिघांनी मला चेंबरलेनद्वेष्टा ठरवलंय, त्यांचाही प्रश्न घेतलाय, सोडलेला नाही.

प्रश्न: सर, आम्हाला शाळेत शिकवलं की पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानं जर्मनीला पिळून काढलं म्हणून हिटलर आला आणि म्हणून युद्ध झालं. मग डिप्लोमसी फेल गेली वगैरे काय घेऊन बसलात?

मलाही तेच शिकवलं होतं, आणि पुढं कित्येक वर्षं मी स्वतः वर्गात तेच शिकवत आलो, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण जरा तारखा बघा. नुकसानभरपाईचा आकडा १९२१ मध्ये १३२ अब्ज सोन्याचे मार्क असा लावला होता हे खरं, पण ती भानगड १९३२ च्या लोझान परिषदेत जवळपास गुंडाळली गेली. राईनलँडमधलं, म्हणजे जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीवरच्या पट्ट्यातलं, दोस्तांचं सैन्य १९३० मध्येच निघून गेलं होतं, तेही ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. आणि हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. म्हणजे जखम भरत आल्यावर हा आला. त्याला वर चढवलं ते मंदीनं, १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाख बेकार होते, आणि ‘याला आपण खिशात ठेवू’ असं समजणाऱ्या बर्लिनमधल्या शहाण्या पुढाऱ्यांनी.

आणि दुसरी गोष्ट, जपान आणि इटली हे दोघं तर पहिल्या महायुद्धात जिंकलेल्या बाजूला होते ना? व्हर्सायला त्यांच्या खुर्च्या विजेत्यांच्या टेबलावर होत्या. तरी सगळ्यात आधी दुसऱ्याच्या मुलखात घुसले ते हेच दोघे. हिटलर कुठून आला हे व्हर्सायवरून थोडंफार कळतं, पण त्याला सहा वर्षं कुणी अडवलं का नाही हे त्यावरून कळत नाही, आणि मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

प्रश्न: पहिल्या महायुद्धानंतर देशादेशांतली भांडणं मिटवायला काढलेली राष्ट्रसंघ नावाची संस्था होती ना, ती काय झोपली होती का?

झोपली नव्हती हो, कमिटी नेमत होती. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियात मुकदेन शहराजवळ जपानच्या मालकीच्या रेल्वेलाइनवर स्फोट झाला. स्फोट कसला, फटाकाच म्हणा, कारण थोड्याच वेळानं त्याच रुळांवरून गाडी सुखरूप निघून गेली. घडवून आणला होता जपानच्याच क्वांतुंग आर्मीच्या अधिकाऱ्यांनी, टोकियोतल्या सरकारला न विचारता, आणि आळ घेतला चिन्यांवर. सकाळपर्यंत मुकदेन जपानी सैन्याच्या हातात, आणि काही महिन्यांत सगळा मंचुरिया.

चीननं राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. संघानं लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन पाठवलं. हे लिटन म्हणजे आपल्याकडे बंगालचे गव्हर्नर होऊन गेलेले. माणूस सज्जन, रिपोर्टही बराच समतोल, पण कमिशन मंचुरियात पोचलं एप्रिल १९३२ मध्ये आणि जपाननं मार्चमध्येच तिथं मंचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभं करून ठेवलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. रिपोर्ट ऑक्टोबरमध्ये छापला, मतदान झालं २४ फेब्रुवारी १९३३ ला, ४२ विरुद्ध १. तो एक म्हणजे खुद्द जपान. त्यांचे प्रतिनिधी मात्सुओका भाषण करून सभागृहातून चालते झाले, आणि त्याच आठवड्यात जपानी सैन्य शेजारच्या जेहोल प्रांतात घुसलं होतं. ४२ मतांचं काय झालं? काही नाही. एकही व्यापारी बंधन घातलं गेलं नाही. ब्रिटनला मंदी पडलेली, अमेरिका तर संघात नव्हतीच, आणि आशियातल्या भांडणात कोण पडणार.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण मला या दहा वर्षांइतकी दुसरीकडे कुठं चपखल बसलेली दिसत नाही.

प्रश्न: जपानला फॅसिस्ट म्हणायचं की नाही?

यावर प्राध्यापक मंडळी अजून भांडतात. तिथं इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्यासारखा पक्ष नव्हता, एक नेताही नव्हता, लष्करच सरकारच्या डोक्यावर बसलेलं होतं. मी ‘लष्करशाही’ म्हणतो. ज्याच्या अंगणात ते सैन्य आलं त्याला या शब्दांनी काय फरक पडला असेल ते सोडा.

प्रश्न: इटलीनं ॲबिसिनियावर हल्ला केल्यावर निर्बंध लावले होते असं वाचलंय. मग ते चालले का नाहीत?

हा प्रश्न पाचजणांनी विचारलाय आणि माझ्या मते सगळ्या कहाणीची गोम इथंच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीचं सैन्य ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात शिरलं. १८९६ मध्ये अडुवाला याच लोकांनी इटलीला सपाटून मार दिला होता, तो राग मुसोलिनीला काढायचा होता. या वेळी राष्ट्रसंघानं चक्क पटापट पावलं उचलली, इटलीला आक्रमक ठरवलं आणि नोव्हेंबरात निर्बंध लागू केले. आता यादी बघा. इटलीला शस्त्रं विकायची नाहीत, कर्ज द्यायचं नाही, तिचा माल घ्यायचा नाही. ॲल्युमिनियम विकायचं नाही, जे इटलीत तिच्या गरजेपेक्षा जास्तच बनत होतं! आणि तेल, कोळसा, पोलाद? ते यादीत नाही. ज्यावर ट्रक, रणगाडे आणि विमानं चालतात तेवढंच नेमकं वगळलं.

कारणं काय दिली तर अमेरिका संघात नाही, आपण बंद केलं तर ती विकेल, मग उपयोग काय. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. खरं कारण असं की पॅरिसला मुसोलिनी हातचा घालवायचा नव्हता. एप्रिल १९३५ मध्ये स्ट्रेसा इथं ब्रिटन, फ्रान्स आणि इटली असे तिघं हिटलरविरुद्ध एकत्र आले होते, आणि मुसोलिनीला दुखावलं तर तो हिटलरकडे जाईल ही भीती. त्याच वेळी ब्रिटननं काय केलं तर जूनमध्ये फ्रान्सला न विचारता जर्मनीशी परस्पर नाविक करार करून टाकला, की जर्मनीनं ब्रिटनच्या ३५ टक्क्यांपर्यंत आरमार ठेवावं. म्हणजे मित्राला विश्वासात न घेता शत्रूशी डील, आणि मित्र म्हणून कुणाला धरून ठेवायचं तर मुसोलिनीला.

सुएझ कालवा तर ब्रिटनच्या कब्जातच होता म्हणा ना. इटलीची सैन्यानं भरलेली जहाजं तिथूनच जात होती, रीतसर टोल भरून. कालवा बंद करायचा विचार झाला आणि मागे पडला, मुसोलिनी चिडून आपल्या नौदलावर हल्ला करेल म्हणून. हिटलरचा दुभाष्या श्मिट यानं नंतर लिहून ठेवलंय की मुसोलिनी स्वतः हिटलरला म्हणाला होता, तेलावर निर्बंध आले असते तर आठवड्याभरात मला माघार घ्यावी लागली असती.

आणि कळस म्हणजे डिसेंबर. ब्रिटनच्या सरकारनं नोव्हेंबरात राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याच्या जोरावर निवडणूक जिंकली आणि महिन्याच्या आत परराष्ट्रमंत्री होर पॅरिसला जाऊन फ्रान्सचे पंतप्रधान लावाल यांच्याबरोबर बसले आणि ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीच्या पदरात टाकायचा गुप्त प्लॅन करून मोकळे झाले. बदल्यात ॲबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी, जिच्यावर रेल्वे टाकायचीही परवानगी नाही अशी चर्चा होती. लंडनच्या टाइम्सनं उंटांसाठी बोळ म्हणून तिची टर उडवली. फ्रेंच पेपरात सगळं फुटलं, लोक भडकले, होर यांना राजीनामा द्यावा लागला. पण मुसोलिनीला जे कळायचं ते कळून चुकलं होतं.

५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं, मध्ये इटलीच्या विमानांनी गावांवर मस्टर्ड गॅस फवारला, ज्याच्या वापरावर बंदी घालणाऱ्या १९२५ च्या करारावर खुद्द इटलीची सही होती. ३० जूनला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हात राष्ट्रसंघापुढं बोलायला उभा राहिला, अम्हारिक भाषेत. तोंड उघडायच्या आत वरच्या गॅलरीतून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या आणि शिवीगाळ सुरू केली. छोट्याशा अंगकाठीचा तो माणूस कागद धरून नुसता उभा. रोमानियाचे तितुलेस्कू उठून ओरडले, या रानटी लोकांना बाहेर काढा, मग पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. सम्राटाचं भाषण सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, आणि जुलैत निर्बंध उठवले. ॲबिसिनियावरचे नाही, इटलीवरचे.

आणि ज्याच्यासाठी एवढी कसरत केली तो मुसोलिनी? त्याच वर्षी हिटलरच्या गोटात. नोव्हेंबर १९३६ पर्यंत रोम-बर्लिन ‘ॲक्सिस’ हा शब्द त्याच्या भाषणात आलासुद्धा.

प्रश्न: राईनलँडमध्ये हिटलरला सहज हाकलता आलं असतं असं म्हणतात, खरं का?

७ मार्च १९३६. व्हर्सायच्या तहानुसार जिथं जर्मन सैन्य ठेवायला बंदी होती त्या राईनलँडमध्ये हिटलरनं सैन्य घुसवलं. तारीख लक्षात घ्या, हे ॲबिसिनियाचं चालू असतानाच. राईन ओलांडून पलीकडे खोल गेल्या त्या तीन बटालियन, आणि फ्रेंच आले तर मागं फिरायचं असं ठरलेलं. फ्रान्सकडे सैन्य भरपूर, पण सरकार निवडणुकीच्या तोंडावरचं कामचलाऊ, आणि सेनापती गामलां म्हणे काही करायचं तर पूर्ण देशाची जमवाजमव करावी लागेल, म्हणजे घरात घुसलेलं मांजर हाकलायला फायर ब्रिगेड बोलवा. ब्रिटनमध्ये तर बऱ्याच जणांचं मत की आपल्याच परसात गेलेत ना जर्मन, जाऊ द्या. तेव्हा हो, अडवता आलं असतं. हिटलर त्यानं पडला असता का, ते मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

स्पेनमधल्या यादवी युद्धाबद्दल एकानं विचारलंय, त्यावर वेगळा लेख लागेल. एवढंच सांगतो की लंडनमध्ये ‘हस्तक्षेप न करणाऱ्या’ देशांची कमिटी बसायची आणि तिच्यात जर्मनी आणि इटलीही सदस्य होते, आणि २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका गाव बेचिराख केलं ते याच दोन सदस्यांच्या विमानांनी.

प्रश्न: तुम्ही चेंबरलेनला झोडपता, पण १९३८ मध्ये ब्रिटनची तयारीच नव्हती. त्या एका वर्षात स्पिटफायर आणि रडार तयार झाले म्हणून पुढं देश वाचला. घरात बसून टीका करणं सोपं असतं.

घरातच बसलोय, हे मान्य. आणि तुमचा मुद्दा पोकळ नाही. स्पिटफायरची पहिली तुकडी सज्ज व्हायला ऑगस्ट १९३८ उजाडला, रडारची साखळी अर्धवट होती, लंडनच्या बागांत खंदक खणणं चालू होतं, आणि घरोघरी गॅसचे मास्क वाटलेले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची तेरा लाखांवर तरणीताठी माणसं गेली होती. युद्ध नको म्हणणारा माणूस भेकडच असतो असं मी कधीच म्हटलं नाही. ६९ वर्षांचा म्हातारा पंधरा दिवसांत तीन वेळा विमानानं जर्मनीत जातो, त्यात कळकळ होतीच की.

पण वेळ काय एकट्या ब्रिटनलाच मिळाला? तो जर्मनीलाही मिळाला ना. चेकोस्लोव्हाकियाकडे तीसहून जास्त डिव्हिजन होत्या, सप्टेंबरात दहा लाखांवर माणूस शस्त्र घेऊन उभा राहिला होता, सुडेटनच्या, म्हणजे म्युनिकमध्ये देऊन टाकलेल्या सरहद्दीवरच्या, डोंगरात काँक्रीटच्या किल्ल्यांची रांग होती आणि पिल्झेनला स्कोडाचा कारखाना. डोंगर गेले तसे किल्लेही गेले, एक गोळी न झाडता. सहा महिन्यांनी कारखानाही गेला. १९४० मध्ये जर्मन जनरल रोमेलची डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली तेव्हा तिच्यातले कितीतरी रणगाडे चेक बनावटीचे होते. हा हिशोब वहीच्या दुसऱ्या बाजूला मांडावा लागतो, तो तुमच्या पत्रात नाही.

आणि मला खरं खुपतं ते वेगळंच आहे. २९ सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये चौघं बसले, हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दालादिये. ज्याचा देश कापायचा त्या चेकोस्लोव्हाकियाचे दोन प्रतिनिधी, मास्तनी आणि मासारिक, म्युनिकला आले होते, पण विमानतळावरून त्यांना पोलिसांच्या गाडीतून हॉटेलवर नेलं आणि तिथंच बसवलं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, मध्ये एक ब्रिटिश अधिकारी येऊन साधारण काय ठरतंय ते सांगून गेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांना बोलावलं तेव्हा हिटलर, मुसोलिनी निघून गेलेले. चेंबरलेन आणि दालादिये समोर. कागद हातात दिला, नकाशा दाखवला. मासारिकनं नंतर लिहिलंय की चेंबरलेन सारखे जांभया देत होते. आम्ही काय उत्तर द्यायचं असं विचारलं तर कळलं की उत्तराची गरजच नाही, १ ऑक्टोबरपासून जर्मन सैन्य आत येणार, झालं.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं तर निदान हलवायाला आत तरी बोलवा. मंचुरियाच्या वेळी चीनला जिनिव्हात बोलता तरी आलं, सम्राटाला शिट्ट्या खात का होईना उभं राहता आलं, इथं तर दारच बंद. नंतर त्याच देशातला तेशेनचा तुकडा पोलंडनं उचलला, हंगेरीनं दक्षिणेकडचा. हो, पोलंडनं. अकरा महिन्यांनी ज्याच्यावर पाळी येणार होती त्यानंच.

प्रश्न: म्युनिकहून परतल्यावर विमानतळावर चेंबरलेन जो कागद हलवतात तो म्युनिक करारच ना?

नाही! ही चूक पुस्तकांतसुद्धा असते. तो वेगळाच कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी हिटलरच्या घरी जाऊन त्यांनी एक छोटं निवेदन सही करून आणलं होतं की आपले दोन देश पुन्हा कधी एकमेकांशी लढणार नाहीत, आणि या इच्छेचं प्रतीक म्हणून त्यात आदल्या रात्रीच्या कराराबरोबर दाखला दिला होता तो वर सांगितलेल्या १९३५ च्या नाविक कराराचा. हिटलरनं तो नाविक करार २८ एप्रिल १९३९ ला भर भाषणात रद्द केला.

प्रश्न: स्टालिन हिटलरशी हातमिळवणी करू कसा शकला? कम्युनिस्ट आणि नाझी एकत्र?

तत्त्वांनी बघाल तर डोकं फिरेल, जहाजांच्या टाइमटेबलनं बघा. मार्च १९३९ मध्ये हिटलरनं प्राग घेतल्यावर ब्रिटननं घाईघाईनं पोलंडला हमी दिली. पण पोलंडला प्रत्यक्ष मदत करणार कोण, तर शेजारी रशियाच. त्या रशियानं एप्रिलमध्येच तिघांच्या युतीचा प्रस्ताव दिलेला. लंडननं उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. ऑगस्टमध्ये एकदाचं ब्रिटन आणि फ्रान्सचं लष्करी शिष्टमंडळ निघालं, तर ते विमानानं नाही, आगगाडीनं नाही, एका संथ मालवाहू-प्रवासी बोटीनं. ५ ऑगस्टला निघाले, ११ ला मॉस्कोत. वरून ॲडमिरल ड्रॅक्स यांना सूचना की राजकीय करार होईपर्यंत सावकाश घ्या. पहिल्याच बैठकीत रशियाचे संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्ह यांनी विचारलं, सही करायचे लेखी अधिकार आणलेत का? फ्रेंच जनरल दुमांककडे पत्र होतं, ड्रॅक्सकडे काहीच नाही. मग व्होरोशिलोव्हनी दुसरा प्रश्न टाकला, आमचं सैन्य पोलंडमधून जाऊ देणार का? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण पोलंड नाही म्हणत होता. पोलंडचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आत आलेलं रशियन सैन्य परत जात नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

आणि हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप? विमानानं आला, २३ ऑगस्टला दुपारी मॉस्कोत उतरला आणि त्याच रात्री एकमेकांवर हल्ला न करण्याच्या करारावर सही. गुप्त पुरवणीत पोलंड आणि बाल्टिक देश वाटून घेतलेले, जी पुरवणी मॉस्कोनं मान्य केली थेट १९८९ मध्ये. याचा अर्थ स्टालिन बिचारा नाइलाजानं गेला असा काढू नका. त्याला अर्धा पोलंड हवाच होता, आणि १७ सप्टेंबरला त्यानं तो घेतलाही. पण दुसरं दार त्याला नीट उघडून दाखवलंच गेलं नाही हेही तितकंच खरं.

प्रश्न: या सगळ्यात भारत कुठं होता? आपला काही संबंध?

कागदावर चांगलाच होता. व्हर्सायच्या तहावर भारतातर्फे बिकानेरच्या महाराजांची सही आहे आणि भारत राष्ट्रसंघाचा पहिल्यापासूनचा सदस्य, फक्त तिथं कुणी जायचं आणि काय बोलायचं हे लंडन ठरवायचं. लोकांचं मत निराळं होतं. मुसोलिनीची भेटीची निमंत्रणं येऊनही १९३६ मध्ये नेहरूंनी रोममध्ये त्याला भेटायचं टाळलं. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यातले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस परत आलेच नाहीत, १९४२ मध्ये तिथंच गेले.

आणि ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटननं युद्ध जाहीर केलं त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. कायदेमंडळाला विचारलं नाही, प्रांतांतल्या निवडून आलेल्या मंत्रिमंडळांना विचारलं नाही. म्युनिकच्या हॉटेलात बसवलेल्या त्या दोघांना निदान पहाटे बोलावून कागद तरी दाखवला होता. पुढच्या दोनेक महिन्यांत आठ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं बाळ गंगाधर खेर यांचंही होतं.